दावणीची भाषा

मार्चचा शेवटचा रविवार. वर्षाची चटणी करायची आहे, म्हणून सकाळपासून गच्चीवर मिरच्यांचे देठ मोडत बसले आहे. मघाशी खालून ग्रामपंचायतीची रिक्षा गेली. कर्ण्यावरून पुकारा चालला होता, "उद्या लाळ-खुरकताची लस आहे, जनावरं चरायला सोडू नयेत, दावणीला बांधून ठेवावीत." हा पुकारा ऐकला की मला एकच गाव आणि एकच बाई डोळ्यांसमोर येते. म्हटलं, हात धुवावेत आणि एकदाचं लिहून टाकावं.

मी पोलीस खात्यातून निवृत्त होऊन थोडाच काळ झाला. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भावाने भावाच्या उसाला लावलेली आग पाहिली. त्यातलं बरंच विसरले. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी ते डोक्यातून जात नाही. माणसांची, गावाची, कार्यालयाची नावं लिहिणार नाही. ज्यांना ओळख पटेल ते मला फोन करून ओरडतील. ओरडू देत.

कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती. कोल्हापूरच्या पश्चिमेला, गगनबावड्याच्या वाटेवर असलेल्या एका पोलीस ठाण्याची मी प्रभारी अधिकारी होते. ऊसतोडीचे दिवस. सकाळची हजेरी आटोपून मी बंदोबस्ताची वाटणी करत होते. ठाणे अंमलदार आत आला.

"मॅडम, एकजण तक्रार घेऊन आलाय. बोगस लसीची हाय म्हणतोय. पण तक्रार लसीची हाय का बायकोची, तेच मला कळंना."

आत आला तो पस्तिशीतला शेतकरी. हातात फोन असा धरलेला, जणू त्यात साप आहे.

"मॅडम, ह्यो मेसेज बघा. माझ्या बायकूनं लसीचा दुसरा डोस घेतला म्हणून आलाय. वर अभिनंदन केलंय तिचं. श्रावणात बी असाच एक आलावता, मी पुसून टाकला, कुठल्या कंपनीचा असंल म्हणून. आता परत आला."

"मग घेतला असेल तिनं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या बायकोवर भलताच आळ घेतला आहे.

"मॅडम, आमच्या सगळ्या गावानं भंडारा उचललाय!"

आमच्या भागातल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. देवासमोरचा हळदीचा भंडारा हातात घेऊन जे बोललं, ते मोडायचं नसतं. कोर्टात शपथ घेऊन खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले. तीच माणसं भंडारा उचलायची वेळ आली की पाय मागे घेतात. या गावाने श्रावणात बिरदेवाच्या देवळात भंडारा उचलला होता आणि तेव्हापासून तिथल्या शाळेत लसीकरणाचं पथक आलं की रिकामं परत जायचं. हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं.

"म्हणजे लस घेतली नाही, तरी प्रमाणपत्र निघतंय?"

"व्हय. आन् एकटीचं न्हाय. गावातल्या लई बायकांची निघाल्यात. गड्यांची न्हाईत, बायकांचीच. आमची वैनी काढून देती. आक्का म्हणत्यात तिला, महिला दूध संस्थेची अध्यक्ष हाय."

"सख्खी वहिनी?"

"सख्खी. म्हणूनच आलो. उद्या धाड पडली तर माझ्या बायकूला बी धरशीला. आधीच सांगून ठेवतो."

नात्यातल्या माणसाची खबर मी नेहमी दोनदा तपासते. पण ही खबर तपासली तेव्हा खरी निघाल्यासारखी दिसली. प्रमाणपत्रं सरकारी यंत्रणेतूनच निघालेली होती. सगळ्यांवर एकच केंद्र होतं, गगनबावड्याकडचं, घाटमाथ्यावरचं. गावात शाळेच्या व्हरांड्यात येणारी लस सोडून बायका इतक्या लांब डोंगरात कशाला जातील? लस मोरीत ओतायची आणि नाव चढवायचं, असले प्रकार तेव्हा कानावर येत होते. संशय सरळ होता. वर केंद्रातली नर्स सामील, खाली गावात आक्का.

या भागातल्या लसीकरणाचं काम ज्या अधिकाऱ्यांकडे होतं, ते दुपारी ठाण्यात हजर झाले. ते तालुक्याहून येत, म्हणून त्यांना तालुक्याचे साहेब म्हणते. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मला माहीतच होतं. ती बाई नंबर एकची आगाऊ आहे. दाखल करा गुन्हा. फसवणूक, बनावट दस्तऐवज, साथरोगाचा कायदा, सगळं लावा. नर्सला मी आजच बाजूला काढतो."

"थांबा. आधी चौकशी."

"चौकशी कसली? सगळं समोर आहे."

थोड्या वेळाने माझ्या वरिष्ठांचा फोन आला. टोळी पकडल्याची बातमी त्यांना हवी होती. उद्या संध्याकाळपर्यंत आरोपी दाखवा, म्हणाले. गुन्हा दाखल झाला असता तर आक्काला अटक टळत नव्हती, तिचं अध्यक्षपद जात होतं आणि वरच्या नर्सची नोकरीही. मी "बघते सर" म्हणाले. माझ्या खात्यात या दोन शब्दांचा अर्थ हो असाही होतो आणि नाही असाही.

साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलवायचं नाही, आपण तिच्याकडे जायचं, असा कायदा आहे. पुष्कळ अधिकारी तो विसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या वेळेला मी एका महिला शिपायाला घेऊन गावात गेले. धुकं होतं, गुऱ्हाळाचा वास येत होता. संस्थेच्या दारात बायकांची रांग होती. आत मापावर आक्का. चाळिशी ओलांडलेली, नेसत्या लुगड्यावर पुरुषी स्वेटर. मला पाहून तिने माप थांबवलं नाही.

"या मॅडम. दूध घालायला आलाय का धरायला?"

"बघायला आले."

"बघा की. फुकाट हाय."

रांगेतल्या बायका हसल्या. रांग संपेपर्यंत मी उभी राहिले. मग दार लोटून घेतलं आणि समोर बसले.

"आक्का, प्रमाणपत्रं कुणी काढली?"

"निघाली."

"लस घेतली?"

"न्हाय."

"मग प्रमाणपत्र कसं निघालं?"

"तुमी पोलीस हायसा. तुमी शोधा की."

"अटक होईल."

"करा. गाडीत चढायला मला पाय हायत. ढकलाय लागणार न्हाय."

"ती नर्सही जाईल नोकरीतून."

इथे मात्र तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाठ केली. भांडं विसळलं, पालथं घातलं आणि पाठ करूनच म्हणाली, "तिचा काय संबंध न्हाय. लिवा, सगळं मीच केलं म्हणून. सही करतो."

आमच्याकडच्या बायका करतो, जातो असंच म्हणतात. पण कबुलीजबाब इतक्या सहज देणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. फसवणूक केलेला माणूस दुसऱ्यावर ढकलतो. निदान आपलं नाव कुणी सांगितलं एवढं तरी विचारतो. या बाईने यातलं काही केलं नाही. गुन्हा लपवणारा माणूस वेगळा दिसतो आणि अब्रू जपणारा वेगळा. नोकरीने मला दुसरं काही शिकवलं नसेल, पण हा फरक शिकवला. सही न घेता मी उठले.

फिर्याद देणाऱ्या दिराचा जबाब लिहून घ्यायचा राहिला होता. त्याचं घर जवळच. तो गोठ्यात म्हशीखाली बसून धार काढत होता आणि म्हैस त्याला शांतपणे बसू देत नव्हती. त्याची बायको, म्हणजे आक्काची जाऊ, खांबाला टेकून बघत उभी होती.

"तुम्हीच काढता रोज धार?" मी विचारलं.

"कुठलं मॅडम! हीच काढती. परवापासनं माझ्या बोकांडी आलंय. हात दुखतोय म्हणं हिचा. एका हातानं काढाय बसली, तर म्हशीनं पान्हाच चोरला."

"कुठला हात दुखतो?"

"डावा."

"परवापासून?"

"व्हय. तापबी हुता रातभर. चटणी-भाकरी मीच वाढून घेतली."

"आणि तुमच्या फोनवर मेसेज कधी आला?"

"परवाच की."

तो बोलत होता आणि दूध काढत होता. माझ्याबरोबरच्या महिला शिपायाने हसू लपवायला, पदर नव्हता म्हणून, तोंडावर रुमाल धरला. त्याची बायको जमिनीकडे बघत होती. त्याला मात्र काही म्हणजे काही कळलं नव्हतं. बायको आपल्याला न विचारता असं काही करेल, ही गोष्ट त्याच्या डोक्याच्या दारातूनच आत शिरत नव्हती.

मला रांगेतल्या बायका आठवल्या. आपल्याकडच्या बाईचं ओझं नेहमी डाव्या कुशीला असतं, उजवा हात कामाला मोकळा. त्या रांगेत बहुतेकींनी दुधाची किटली उजव्या हातात धरलेली आणि डावा हात अंगाशी घेतलेला. मी पाहिलं होतं, पण थंडी आहे म्हणून सोडून दिलं होतं.

जावेला मी आत घेतलं. "दंड दाखवता?"

तिने मान हलवली. "आक्कानं सांगितल्याबिगर न्हाय."

ते पुरेसं होतं. मी परत संस्थेत गेले.

"आक्का, तुम्ही लस घेतली आहे. खरी लस. सगळ्यांनी. परवा दुसऱ्यांदा जाऊन आलात."

 मग तिने उठून दाराला आतून कडी घातली.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या दिराच्या म्हशीनं."

ती हसली नाही. "आता कुणाला सांगणार तुमी?"

"आधी मला सांगा, की खरं असताना चोर का होताय?"

"त्यो साहेब श्रावणात काय बोलला ठावं हाय का तुमास्नी?"

ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं ते असं. साहेब बोलले त्याच्या आदल्या दिवशी याच बायका शाळेत लसीच्या रांगेत सकाळपासून उभ्या होत्या. लस संपली. उद्या या, म्हणून सांगितलं. येतो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच तालुक्याचे साहेब गाडीला कर्णा लावून आले. या गावाचे आकडे कमी आहेत, म्हणून वरून त्यांना बोलणी बसली असावीत. गाडीतून खाली न उतरताच त्यांनी सुरुवात केली.

"म्हणाला, लस न्हाय तर दूध न्हाय, दूध न्यायची गाडी गावात येणार न्हाय. आन् ऐकत नसशीला तर दावणीला बांधून टोचीन. दावणीला, मॅडम! लाळ-खुरकताला आमी म्हशी बांधतो. वेसण धरतो, पाय बांधतो, मग डॉक्टर टोचतोय. म्हशीला इचारत न्हाईत. आमाला बी इचारायचं न्हवतं, तर आदल्या दिशी दिसभर रांगेत कशाला हुबं केलंसा?"

"मग?"

"मग काय. रांगेतनं बायका फिरल्या, त्या थेट बिरदेवाच्या देवळात. मागनं गडी आलं. भंडारा उचलला. दुधाची गाडी खरंच आली न्हाय काय दिवस. खवा आटवला, पण त्याच्या दारात गेलो न्हाय."

"आणि मग तो भंडारा मोडून घाटावर गेलात?"

आता ती उसळली. "कोण म्हणतंय मोडला? काय म्हणून उचलला ते इचारा की कुणाला बी! भंडारा माझ्या हातात हुता, शब्द माझं हुतं. 'ह्या गावात, ह्यांच्या हातनं टोचून घेणार न्हाय.' एवढंच. लस घेणार न्हाय असं म्या म्हणलंच न्हाय. बाकीच्यांनी त्यांस्नी पायजे ते ऐकलं."

"म्हणजे तेव्हाच ठरवलं होतं?"

"माझं मालक त्याच आजारात गेलं, मॅडम. मला लस नको असंल व्हय?"

तो स्वेटर कुणाचा, हे मला तेव्हा कळलं. 

"मग हे आता सांगून टाका. सुटाल."

"सुटंन, आन् त्यो काय म्हणंल? दूध बंद केलं तवा आल्या सुतासारख्या सरळ! फोटू काढंल. दुसऱ्या गावात जाऊन हेच सांगंल आन् तिथल्या बायांस्नी बी दावणीला बांधंल. त्यापरास चोर म्हणा मला. चालंल. चोराला डोस्कं तरी असतंय."

पोलीस ठाण्यात लोक निर्दोष ठरण्यासाठी काय काय करतात, ते मी आयुष्यभर पाहिलं. आणि ही बाई चोर ठरायला तयार होती, पण वाकलेली ठरायला नाही. तिला तुरुंग परवडत होता, त्या माणसाची फुशारकी परवडत नव्हती. यात वेडेपणा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना कधी कुणी दावणीला बांधायची भाषा केली नसावी.

नुसत्या बोलण्यावर मी तपास बंद करत नाही. तशीच गाडी काढून घाट चढले. वर केंद्रातली नर्स तिशीतली, घाबरून पांढरी पडलेली. तिला बाजूला काढल्याचा निरोप आदल्या संध्याकाळीच पोचला होता.

"मॅडम, पहिल्या वेळी त्या आल्या तेव्हा पाऊस असा होता, की समोरचं झाड दिसत नव्हतं. वडापच्या भाड्याच्या जीपमध्ये कोंबून आलेल्या, ओल्याचिंब. मी विचारलं, अहो, तुमच्या गावात मिळते, इतक्या लांब का आलात? तर ती पुढची बाई म्हणाली, तुमी बोलावलं न्हाईसा म्हणून आलो."

"फोन नंबर कुणाचे लिहिले?"

"बहुतेकींनी घरातल्या पुरुषाचा दिला. फोन त्यांच्याकडेच असतो ना. गावात कळवू नका, असं मला बजावत होत्या, आणि नंबर मात्र नवऱ्याचे. माझ्याही लक्षात आलं नाही." मग तिने विचारलं, "माझी नोकरी जाणार का?"

"नाही," मी म्हणाले. "टोचलंत ते सगळं लिहून द्या आणि उद्यापासून कामावर या. कुणी अडवलं तर मला फोन करा."

खाली येईपर्यंत दुपार झाली. फिर्यादीला उत्तर तर द्यावंच लागणार होतं. आक्का म्हणाली, "त्याला मी सांगतो." दिराला संस्थेत बोलावलं, जाऊही आली. आक्काने सुरुवात केली, पण बोलली जाऊच.

"मी घेतली लस. माझ्या पायानं गेलो, माझ्या दंडावर घेतली. दोनदा."

त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग माझ्याकडे, मी काही मदत करते का ते बघायला.

"अगं, भंडारा उचललावता की आपण!"

"काय म्हणून उचललावता? म्हणून दाव."

"ह्या गावात... ह्यांच्या हातनं..." तो पुटपुटत गेला आणि मधेच थांबला.  मला वाटलं, आता हा आरडाओरडा करणार. तो वहिनीला म्हणाला,

"मग मला का न्हाय न्हेलंसा?"

आक्का उत्तर द्यायच्या आतच तो पुढे म्हणाला,

"दादा कसा गेला ते म्या बघितलंय. रोज भ्या वाटतंय मला. पण भंडारा उचलल्यावर कुणाला बोलू? गावातला एक गडी तोंड उघडंना. समद्यांस्नी भ्या हाय."

"तुला न्हेला असता तर तू गावभर सांगत सुटला असतास," आक्का म्हणाली.

"आता काय कमी सांगितलं त्यानं?" जाऊ म्हणाली. "डायरेक पोलिसात!"

मग मात्र आम्ही सगळे हसलो, तोही. तक्रार मागे घेतो म्हणाला. मी त्याला विचारलं, "गावच्या ओढ्यापलीकडं शिवार कुणाचं?"

"पल्याडच्या गावाचं."

"ती घाटावरची नर्स तिथं बसली तर?"

त्याने वहिनीकडे पाहिलं. आक्का दुधाच्या मापाकडे बघत मनातल्या मनात आपलेच शब्द तपासत होती. "ते गाव आमचं न्हाय. आन् ती बाई बी त्यांची न्हाय," ती म्हणाली. "पर भोंगा नको."

संध्याकाळी तालुक्याचे साहेब ठाण्यात आले. बातमीचा मजकूर लिहूनच आणला होता.

"आरोपी कुठं आहे?"

"आरोपी नाही. प्रमाणपत्रं खरी आहेत."

"खरी? म्हणजे घेतली लस त्या बायकांनी?" ते मागे रेलून हसले. "बघा! शेवटी माझाच डोस लागू पडला. सरळ भाषा कळत नाही या लोकांना. उद्या पेपरात देतो."

"साहेब, तुम्ही बोललात त्याच्या आदल्या दिवशी त्या बायका रांगेत उभ्या होत्या. लस तुमच्याकडं संपली होती. त्या दुसऱ्या दिवशी येणारच होत्या. तुमच्या भाषेमुळं आल्या नाहीत. आणि आजही त्या गावातले पुरुष लसीविना आहेत, तेही त्याच भाषेमुळं."

"तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"मी चौकशी केली आहे, तिचा अहवाल लिहिणार आहे. दावणीला बांधून टोचीन हे शब्द तुम्ही कर्ण्यावरून बोललात. अख्खं गाव साक्षीला आहे. बातमी दिलीत तर अहवालात ते सविस्तर येईल. नाही दिलीत, तर तक्रारीत तथ्य आढळलं नाही, एवढ्या एका ओळीत माझं काम भागतं."

त्यांनी मजकुराचा कागद घडी करून खिशात घातला. ओढ्यापलीकडे नर्सला बसवायलाही ते तयार झाले, आकडे त्यांनाही हवेच होते. जाता जाता म्हणाले, "पण गाव तापट आहे. उद्या सकाळी एक गाडी आणि शिपाई द्या तिथं. थोडा वचक राहील."

"एकही मिळणार नाही."

"लेखी द्या."

दिलं. सही-शिक्क्यानिशी दिलं. वरिष्ठांचा फोन आला तेव्हाही तेच सांगितलं. "सर, गुन्हाच नाही. कुणाच्या तोंडाला फडकं बांधून उभं करू?" ते चिडले. पुढची बदली माझ्या मनासारखी झाली नाही, त्याचं कारण हेच असावं. असेना.

लोक मला विचारतात, या प्रकरणातून तुम्ही काय शिकलात. लस वाईट असं मला कधी वाटलं नाही. मी स्वतः पहिल्या फेरीत घेतली. आमच्या खात्यात कुणी विचारत नाही, हजेरीत उभं करतात आणि टोचतात. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण गणवेश चढवला तेव्हाच हुकूम पाळायचं मी कबूल केलं होतं. त्या बायकांनी असलं काही कबूल केलेलं नव्हतं. आणि सक्ती कधी करूच नये, असंही मी म्हणणार नाही. सगळी नोकरी लोकांना सक्ती करण्यात गेली, आता तसं म्हणणं ढोंग होईल. पण जो माणूस आपल्या पायाने निघाला आहे, त्याला मागून ढकलू नये. ढकललं की तो जागेवर थांबतो, वळतो, आणि कुठे चाललो होतो हे बाजूला ठेवून आधी ढकलणाऱ्याला बघून घेतो. मग आपण त्याला अडाणी म्हणतो. त्या गावात अडाणी कुणी नव्हतं. सुईला तर कुणीच घाबरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी हजेरी घेतली. ड्रायव्हर गाडी दारात लावून उभा होता.

"मॅडम, ओढ्याकडं निघायचं ना?"

"नाही. गाडी धुवायला घे."

"धुतलीया की."

"परत धू."

कारखान्याकडच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या अडल्या होत्या, तिकडे दोन शिपाई पाठवले. त्या गावाच्या वाटेने कुणी जाणार नाही, अशी बीटची वाटणी केली. मग टपालावर सह्या करत बसले. सह्या होत आल्या तेव्हा नर्सचा फोन आला.

"मॅडम, इथली पेटी संपत आली. दुसरी मागवलीय. रांग ओढ्यातून पार पलीकडं गेलीय, गडीमाणसंच जास्त आहेत. तो त्या बाईचा दीर सगळ्यांना रांगेत नीट उभं राहा म्हणून दटावतोय. तुमच्यापैकी कुणी येणार आहे का इकडं?"

"नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.